नरसूमामांचं अस्वल

या आठवणी लिहायला बसलो तेव्हा काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं. त्याप्रमाणे शाळेत कॉपी करताना सापडलो ते लिहिलं, मोहोळच्या एका लग्नात भलत्याच मांडवात जाऊन पोटभर जेवलो ते लिहिलं, वडिलांची सायकल माझ्यामुळे विहिरीत गेली तेही लिहिलं. लिहिता लिहिता लक्षात आलं, की या सगळ्या लबाड्यांमध्ये मी जरा गोडच दिसतो. जिच्यात दिसत नाही ती मी दर वेळी पुढच्या प्रकरणावर ढकलत आलो. आता ढकलायला प्रकरणंच फारशी उरलेली नाहीत.

तशी ही गोष्ट मी अर्धी पुष्कळ वेळा सांगितली आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या निवृत्तांच्या टोळक्यात लहानपणीच्या कार्टूनचा विषय निघाला की मला चेव येतो. कुलपातला टीव्ही, त्याच्यापुढची रंगीत काच, आईची मुरमुऱ्यांची सुशीला, हे सगळं मी हातवारे करून सांगतो आणि मंडळी हसतात. बरोब्बर एका रविवारच्या अलीकडे मी थांबतो आणि चहाचं कोण देतंय ते विचारतो. बायकोलासुद्धा त्या रविवारच्या अलीकडचाच मी माहीत आहे.

आमची पेठ मागवाल्यांची. घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने होते आणि त्यांची खडखड दिवसभर इतकी एकसारखी चालायची की आम्हाला ती ऐकूच यायची नाही. वीज गेली की मात्र कानात दडे बसल्यासारखं व्हायचं आणि आजी झोपेतून दचकून उठायची. गल्लीत तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं जास्त, मधे मधे आमच्यासारखी मराठी, टोकाला रज्जाकचं घर. वडील कचेरीत कारकून. आमच्याकडे टीव्ही यावा असं काही आमचं कर्तृत्व नव्हतं. पुण्याच्या काकांनी रंगीत टीव्ही घेतला आणि जुना काळा-पांढरा सतरंजीत गुंडाळून एस.टी.च्या टपावरून आमच्याकडे रवाना केला. लाकडी पेटीतला होता तो, त्याला दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं होती आणि दारांना चक्क कुलूप होतं. वडिलांनी एक निळ्या-गुलाबी-हिरव्या पट्ट्यांची प्लास्टिकची काच आणून पुढे बसवली. त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईंचा कपाळापर्यंतचा भाग निळा, गाल गुलाबी आणि हनुवटीपासून खाली हिरवळ असे. याला आम्ही रंगीत टीव्ही म्हणत होतो आणि गल्लीला ते मान्य होतं.

कुलपाची किल्ली माझ्याकडे होती. कशी आली ते आठवत नाही. वडील विसराळू म्हणून असेल. पण एकदा आली म्हटल्यावर मी ती करगोट्यात अडकवली आणि माझ्यात जो बदल झाला तो नगरपालिकेत निवडून आलेल्या माणसातही होत नाही. मी तेव्हा नववीत. ओठावर लव आलेली, आवाज फाटलेला. रविवारी सकाळी कार्टूनला येणारी बाकी पोरं तिसरी-चौथीतली, फार तर सहावीतली. त्यांच्यात मी म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात घोडा. त्या घोड्याने नियम केले होते. चपला पायरीच्या उजवीकडे. पाय धुतल्याशिवाय सतरंजीवर यायचं नाही. पुढची रांग मी नेमणार. आणि सगळ्यात मुख्य, कार्टून चालू असताना काय चाललंय ते मी सांगणार, माझ्याआधी कुणी बोलायचं नाही. बोलला तर पुढचा रविवार दाराबाहेर. पोरं हे सगळं पाळत होती. आई मात्र स्वयंपाकघरातून म्हणायची, "अरे, त्यांना डोळे दिलेत देवाने." आणि कढईभर सुशीला परतून, वर भाजलेल्या दाण्यांचा कूट आणि लिंबू पिळून, वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर सगळ्यांना सारखी वाढायची. मला वाटायचं, पोरं माझ्या नियमांमुळे शिस्तीत बसतात. आता वाटतं, मुरमुऱ्यांमुळे बसत असावीत.

कार्टून कुठल्या तरी परदेशचं होतं. त्यात एक पोट सुटलेलं अस्वल टपालवाल्याचं काम करी. डोक्यावर लहान झालेली टोपी, खांद्याला पिशवी, बुडाखाली अगदी लहानशी सायकल. दर रविवारी त्याला एक पुडकं एका चिडखोर कोंबड्याच्या घरी पोचवायचं असे आणि दर रविवारी ते पोचत नसे. कधी पुडक्याला पाय फुटत, कधी पूल मधूनच गायब होई. पूल संपला तरी अस्वल हवेत तसंच सायकल मारत राही, मग खाली बघे, मग आमच्याकडे बघे, आणि मगच पडे. ते आमच्याकडे बघणं यायचं तेव्हा आमची सतरंजी श्वास रोखून बसायची. बोलणं त्यात कुणाचंच नव्हतं, नुसती वाजंत्री. त्यामुळे तेलुगू, दखनी, मराठी, आणि अक्कलकोटकडून सुट्टीला आलेली एक कानडी मुलगी, सगळ्यांना सारखंच कळायचं. सांगणाऱ्याची गरज कुणालाच नव्हती. मी तरीही सांगत होतो, "बघा, आता तो पडणार."

नरसूमामा आले ते असेच एका रविवारी. आमच्या समोरच्या कारखान्यात ते डिझाइनमास्तर होते. चादरीवरचा मोर, वेलबुट्टी, चौकटी हे आधी मोठ्या चौकटींच्या कागदावर काढावं लागतं, एकेक चौकट रंगवून. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, त्या पट्ट्या ओळीने एकमेकींना शिवायच्या आणि ती माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. याला पेठेत पत्ते म्हणत. पंचेचाळिशीचा काटकुळा माणूस, डोळ्यांना जाड भिंगं, बोटांना कायम शाई. त्यांनी दारात चपला काढल्या, उजवीकडेच काढल्या, हौदावर पाय धुतले आणि मला विचारलं, "बाबू, मी बसू का?" एवढा मोठा माणूस मला विचारतोय म्हटल्यावर मी उदारपणे मागची रांग दिली. मग ते असे हसले की आईने दार लोटून डोकावून पाहिलं. पोरांपेक्षा आधी हसत, पोरांपेक्षा उशिरा थांबत.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी ते चौकटींची वही घेऊन आले. अस्वल दिसलं की दोन रेघा, गेलं की पेन्सिल कानावर. पोरांनी मान वळवून वहीत बघायला सुरुवात केली. मी म्हणालो, "पुढे बघा, त्यात खरं अस्वल असतं, त्याला शिकवून आणतात आणि मग फिल्मवर रंग मारतात." हे ज्ञान माझं स्वतःचं होतं. नरसूमामा चष्मा पुसत म्हणाले, "न्हाय बाबू. हे पन पत्त्यांचंच काम हाय. एकेक हलनं येगळं काढलंय कुणीतरी. पायडल खाली एक कागद, पायडल वर दुसरा कागद. मग ओळीनं फिरीवलं." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "केवढी मानसं बसली आसतील की." माझ्या आयुष्यात कार्टूनबद्दल इतकं शहाणं वाक्य मी नंतर ऐकलेलं नाही. त्या वेळी मला ते उद्धटपणाचं वाटलं.

आता बोटांचं सांगतो. मी चित्रकलेची पहिली परीक्षा ब श्रेणीत पास झालो होतो आणि गल्लीत दुसरा कुणी त्या परीक्षेला बसलेलाच नसल्यामुळे मी गल्लीचा चित्रकार होतो. मी आमच्या घराच्या चुना दिलेल्या भिंतीवर कोळशाने पुरुषभर उंचीचं टपालवालं अस्वल काढलं. पोरं दोन दिवस भिंतीपुढून हलेनात. तिसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर नरसूमामा त्या वाटेने चालले होते. थांबले, मागे झाले, पुढे झाले आणि सगळ्यांसमोर अगदी मायेने म्हणाले, "बेष्ट झालंय की बाबू. फक्त बोट एक जास्त पडलं. त्येला चारच हायत. काढनाऱ्याचं काम वाचतंय त्यात." मी म्हणालो, जगात कुणालाही हाताला पाचच बोटं असतात. ते वाद घालणारे नव्हते, मान हलवून निघून गेले. पण पोरांमधला रज्जाक वाद घालणारा होता. रविवारी अस्वलाने पुडकं उचललं मात्र, सतरंजीवरची पंधरा-वीस तोंडं एकदम मोजू लागली. चार. दुसरा हात, चार. माझ्याआधी बोलायचं नाही हा नियम त्या दिवशी मोडला तो कायमचा. रज्जाक म्हणाला, "भाई, तुम्हारे रीछ को एक उंगली जास्ती है. उधार दिए क्या?" सोमवारी शाळेत जाईपर्यंत माझं नाव पाचबोट्या पडलं होतं. तेलुगूत त्याचं वेगळं काही तरी केलं होतं, ते जास्त वाईट असावं, कारण बायकासुद्धा हसायच्या.

नरसूमामांच्या हे गावीही नव्हतं. त्यांचं अस्वल वहीतून मोठ्या कागदावर उतरलं होतं. वीस वर्षं ते व्यापाऱ्याने मागितलेला मोर काढत आले होते. तोच मोर, कधी तोंड डावीकडे, कधी उजवीकडे. आपल्या मनाने निवडलेलं असं हे त्यांचं पहिलंच चित्र. लहान मुलांची चादर करायची, मधोमध सायकलवरचं अस्वल, कडेने पुडकी. त्यांनी शेठच्या मागे लागून लागून एक नमुना विणायची परवानगी काढली. पत्ते स्वतः पाडले, स्वतः शिवले. त्यांच्या घरी बायको विड्या वळायची. ती आईला सांगत होती की हा माणूस जेवताना ताटात बोटाने अस्वल काढतो. नमुना तयार झाला. कारखान्यात सगळे छान म्हणाले. शेठ म्हणाले, छान म्हणून चालत नाही, पोरांनी ओळखलं पाहिजे. ज्या पोरांनी ते बघितलंय त्यांना दाखवू. त्यांनी एका दमात ओळखलं तर दिवाळीला दहा माग त्याच्यावर लावतो, नाही तर मोर आहेच. आणि ती पोरं बसत होती आमच्या सतरंजीवर.

त्या रविवारी कार्टून संपलं, मी दारं सरकवून कुलूप लावलं आणि शेठ आत आले. पांढरा सदरा, हातात तपकिरीची डबी. आईने पदर सावरून पाट दिला, ते बसले नाहीत. मागे नरसूमामा. भांग पाडलेला, धुतलेला शर्ट, आणि काखेत घडी केलेली ती चादर. त्यांनी माझ्याकडे बघून ओळखीचं हसू दिलं. दोघांनी दोन टोकं धरून चादर उलगडली.

मी ती आत्ताही बघू शकतो. लाल जमिनीवर पांढरं अस्वल. कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या, चौकटीच्या कामात असतात तशा, पण पोट तेच, लहान झालेली टोपी तीच, आणि सायकलच्या दांडीवर हाताची चार बोटं. अस्वल आमच्याकडे बघत होतं. पडण्याच्या आधी बघायचं तसं. नरसूमामांनी शेकडो क्षणांतून नेमका तो क्षण उचलला होता. माझ्या भिंतीवरच्या अस्वलाला तो सापडला नव्हता. मला ते लख्ख कळलं.

शेठनी विचारलं, "काय रे पोरांनो, कोण हाय हे?"

आणि पोरांनी, कोण जाणे कशी, नेमकी त्याच दिवशी शिस्त पाळली. बाहेरचा मोठा माणूस समोर उभा म्हणून बुजली असतील. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. किल्लीवाला मीच होतो ना. माझी धाकटी बहीण शैला, पाच वर्षांची, तिने "अस्" एवढं म्हटलेलं मला ऐकू आलं.

मी म्हणालो, "डुक्कर."

मग रज्जाक फिस्सकन हसला आणि सतरंजी फुटली. डुक्कर, डुक्कर. सायकलवर डुक्कर. त्यांना अस्वल दिसत नव्हतं असं नाही, त्यांना विनोद कळला होता. मला महिनाभरात पहिल्यांदा कुणी पाचबोट्या म्हणत नव्हतं. शेठसुद्धा हसले, डबीवर टिचकी मारून म्हणाले, "मास्तर, मोरच बरा." नरसूमामा हसले नाहीत, रागावले नाहीत. ते मान वाकडी करून चादरीकडे बघत होते, खरंच कुठे डुक्कर दिसतंय का ते शोधत होते. मग त्यांनी टोकाला टोक जुळवून घडी घातली, आईला "येतो ताई" म्हणाले आणि गेले. सुशीलेचा कागद त्यांच्यासाठी वाढून ठेवलेला तसाच राहिला.

शैला माझ्याकडे येऊन म्हणाली, "दादा, ते अस्वल होतं की." मी तिला म्हणालो, तुला काय कळतं. आईने तो कागद उचलला, सुशीला परत कढईत ओतली आणि पुढच्या रविवारी केलीच नाही. तेल संपलंय म्हणाली. तेल होतं, मी बघितलं.

नरसूमामा पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. रस्त्यात दिसले तर "काय बाबू" म्हणायचे, पूर्वीसारखंच. म्हणजे मला ठरवता येईना की त्यांना माझा राग आहे की नाही. मी सोयीचं ते धरलं. पुढे सगळ्यांकडेच टीव्ही आले, किल्ली गंजली, मी बँकेत लागलो, बार्शीला गेलो, मग आणखी कुठे कुठे. हल्ली नातवाला जेवण भरवताना मोबाइलवर कार्टून लावावं लागतं. ती फार चकचकीत असतात, त्यांत कुणी पडण्याआधी थांबून आमच्याकडे बघत नाही. तो घास गिळेपर्यंत मी पडद्यावरची बोटं मोजतो. बहुतेकांना अजून चारच असतात. नातू विचारतो, आजोबा, तुम्ही काय मोजता? आजोबा बँकेत होता, मोजायची सवय आहे, असं सांगून मी पुढचा घास भरवतो.

माफी मागायला मी गेलो होतो, हे मात्र माझ्या बाजूने लिहून ठेवतो. मुलगी झाली तेव्हा गेलो. बाळाच्या अंगावर घालायला आईने मोराची चादर काढली, तो मोर मला ओळखू आला आणि मी तसाच चप्पल घालून निघालो. नरसूमामा वयाआधीच म्हातारे झाले होते, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, कारखाना नुकताच सुटलेला. ते ओट्यावर बसले होते. मला आवाजावरून ओळखलं, बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितलं, मुलीचं नाव विचारलं. वाटेत मी वाक्य तयार केलं होतं. ते तोंडात आणून मी म्हणालो, "मामा, ती अस्वलाची चादर आठवते का?"

"न आठवायला काय झालं," ते म्हणाले. मग माझा हात शोधून दोन्ही हातांत धरला. "तुमचे लई उपकार हायत बाबू. कारखान्यात समदे चांगलं हाय, चांगलं हाय म्हनत व्हते. माझ्या तोंडावर खरं कोन बोलनार? तुमी बोललात. मग मी म्हनलं, आपल्याला जनावराचं जमत न्हाय. मोर जमतंय, मोर काढावा. त्यापुढं मी दुसरं काय काढायला गेलोच न्हाय. उगा हसं झालं आसतं."

त्यांची बायको चहा घेऊन आली. त्या दोघांच्या चेहऱ्यावर पाहुणा आल्याचा आनंद होता, दुसरं काही नव्हतं. माझा हात अजून त्यांच्या हातात होता. आता खरं सांगायचं म्हणजे त्यांना हेही सांगायचं, की बारा वर्षं त्यांनी मोरच काढला तो एका चिडलेल्या पोराच्या थापेवरून. मी ठरवलं, आज नको, त्यांना त्रास होईल. ज्याला त्रास होणार होता तो मी होतो, पण तेव्हा मला हे दोन वेगवेगळे आहेत असं वाटलं नाही. मी बशीत चहा ओतला, प्यालो आणि साखर अगदी बेताची झाली आहे असं म्हणालो. पुन्हा येतो म्हणालो. बदली झाली. ते गेल्याचं मला आईच्या पत्रातून कळलं, खालच्या ओळीत, हवापाण्यानंतर.

ते वाक्य फार मोठं नव्हतं. घरून निघाल्यापासून त्यांच्या ओट्यापर्यंत मी ते सात-आठ वेळा म्हणून पाहिलं होतं आणि एकदाही अडखळलो नव्हतो. मामा, ते अस्वलच होतं, मी बघताक्षणी ओळखलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं म्हणून मी तसं म्हणालो, मला माफ करा.